किण्व, आसव आणि धायटीचे फूल : एका प्रक्रियेचा व तिच्या शब्दांचा इतिहास

मराठी शास्त्रीय परिभाषेत ‘यीस्ट’ या सूक्ष्म वनस्पतीसदृश जीवास ‘किण्व’ आणि त्याच्या क्रियेस ‘किण्वन’ असे म्हणण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे. परिभाषाकारांनी हा शब्द संस्कृत वाङ्मयातून उचलला व तो एका नव्या अर्थास वाहिला. व्यवहाराच्या सोयीसाठी असे करण्यात वावगे काहीच नाही. परंतु यामुळे एक गैरसमज सहज बळावतो. कौटिल्याच्या अथवा चरकाच्या ग्रंथात ‘किण्व’ हा शब्द आढळला की तेथे यीस्टच अभिप्रेत आहे असे वाचक गृहीत धरतो, आणि प्राचीनांना यीस्ट ठाऊक होते अशी विधाने त्यावर उभी राहतात. वनस्पतींच्या रसांतून किंवा काढ्यांतून, आंबवण्याच्या मार्गाने, औषधी द्रव्ये सिद्ध करण्याची कला या देशात दीर्घकाळ चालत आली आहे, हे निर्विवाद आहे. तथापि त्या कलेत काम करणारे ‘किण्व’ आणि आजचे ‘किण्व’ यांत अंतर आहे. आणि आसवारिष्टांचा इतिहास पाहू गेल्यास त्यात किण्वापेक्षा एका फुलाचा वाटा मोठा दिसतो.

प्रथम नावांचा विचार करणे इष्ट होईल. युरोपीय भाषांनी या प्रक्रियेला जी नावे दिली, त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी उकळण्याची कल्पना आहे. लॅटिन ‘फर्मेंटुम’ हा शब्द ‘फेर्वेरे’ म्हणजे उकळणे या क्रियापदाशी संबद्ध आहे. इंग्रजी ‘यीस्ट’ हा शब्द ज्या मूळ धातूपासून आला त्याचाच संस्कृतातील भाऊबंद ‘यस्’ हा असून ऋग्वेदातील ‘येषति’ या रूपाचा अर्थ ‘उकळते, खदखदते’ असाच आहे. विस्तव नसताना भांड्यातील रस फेसाळतो, बुडबुडे येतात, हे दृश्यच तेथे नामकरणास कारण झाले. संस्कृताजवळ हा धातू असूनही त्याने या कामी तो योजिला नाही. ‘आसव’ हा शब्द ‘सु’ म्हणजे पिळणे, रस काढणे या धातूपासून साधला आहे. सोम पिळण्याचा धातूही हाच. वैयाकरणांनी ‘अभिषव’ या धात्वर्थाचे विवरण करताना स्नान व पीडन यांच्याबरोबर सुरासंधानही त्यात गणले आहे, आणि पाणिनीच्या सूत्रावरून (५.२.११२) सिद्ध होणारा ‘आसुतीवल’ हा शब्द तर मद्य गाळणाऱ्या व्यावसायिकाचेच नाव आहे. दुसरा शब्द ‘संधान’. त्याचा मूळ अर्थ एकत्र ठेवणे, सांधणे. मराठीतील ‘सांधणे’, ‘सांधा’ ही त्याच कुळातील रूपे होत. म्हणजे उकळी फुटलेली दिसणे याकडे संस्कृताने लक्ष दिले नाही. माणसाने काय केले, त्याने पिळले आणि एकत्र घालून ठेवले, याकडे दिले. पुढे पिंपात काय घडते याविषयी हे शब्द मौन पाळतात.

लोकभाषांनी आणखी निराळी वाट धरली. मराठीत ‘आंबणे’, ‘आंबवण’, ‘आंबील’, ‘आंबूस’ हा सारा परिवार चवीवरून आला. ‘अम्ल’ याचे प्राकृत रूप ‘अंबिल’ आणि त्यापासून ‘आंबील’ ही वाट स्वच्छ आहे. ‘खमीर’ हा शब्द अरबी, फारसीमार्गे आलेला. मद्यवाचक ‘खम्र’ हा त्याच धातूचा. गोमंतकात मात्र प्राचीन ‘सुरा’ हा शब्द ‘सूर’ या रूपाने माडाच्या ताज्या आंबणाऱ्या रसासाठी टिकून राहिला, आणि तीच सूर पूर्वी पाव व सान्ना फुगविण्यासाठी पिठात घातली जाई. एकाच द्रवाने पेय आणि खमीर ही दोन्ही कामे करावीत, हा योग तेथील स्वयंपाकघरात अलीकडच्या काळापर्यंत नित्याचा होता.

आता ‘किण्व’. या शब्दाचा अर्थ कोशांत दोन प्रकारे दिला जातो : सुरेचे बीज, आणि पाप. दुसऱ्या अर्थाचा पहिल्याशी संबंध आहे की तो केवळ ‘किल्बिष’ या शब्दाच्या सान्निध्याने आला, हा वाद येथे बाजूस ठेवणेच बरे. किण्वाची पूर्वपीठिका वैदिक सौत्रामणी यागातील सुरानिर्मितीत सापडते. तेथे मोड आलेले धान्य, लाह्या, भाताची पेज यांच्यासह ‘नग्नहु’ नावाचे एक द्रव्य लागत असे. वाजसनेयी संहितेच्या १९व्या अध्यायावरील भाष्यात महीधराने नग्नहूची जी यादी दिली आहे, तीत सर्जाची साल, त्रिफळा, सुंठ, पुनर्नवा अशी औषधी द्रव्ये आहेत. भाष्यकार फार उत्तरकालीन आहे, म्हणून ती यादी जशीच्या तशी ब्राह्मणकाळात नेता येणार नाही. परंतु आंबवणाच्या बीजातच औषधी मुळे व साली कालवण्याची रीत परंपरेला मान्य होती, एवढे त्यावरून म्हणावयास हरकत नाही.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील २५वा अध्याय सुराध्यक्षाचा आहे. मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केलेली रा. प. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती १९६० साली निघाल्यापासून त्याचा पाठ अभ्यासकांना सुलभ झाला. त्या अध्यायात किण्व कसे करावे याची कृती स्पष्ट आहे : उडदाचा कच्चा अथवा शिजवलेला लगदा एक द्रोण, त्याहून एकतृतीयांश अधिक तांदूळ, आणि मोरट आदी वनस्पतींचा एकेक कर्ष, यांचा गोळा बांधावयाचा. हे काही यीस्ट नव्हे; ही आंबवणाची वडी होय. सिक्कीम व दार्जिलिंग या भागांत ‘मर्चा’ आणि झारखंडात ‘रानू’ या नावाने अशाच वड्या आजही केल्या जातात. मर्चामध्ये भिजवलेले तांदूळ कुटून त्यात आले, मिरची, चित्रकाचे मूळ अशी द्रव्ये मिसळतात आणि जुन्या वडीची पूड नव्या वडीवर भुरभुरतात. सूक्ष्मजीवशास्त्राच्या अभ्यासकांना तीत बुरश्या, यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल निर्माण करणारे जिवाणू अशी तिन्ही मंडळी एकत्र नांदताना आढळली. याचे कारण उघड आहे. धान्यात साखर नसते, पिष्ट असते. यीस्टला पिष्ट पचत नाही. बुरशीने आधी पिष्टाची साखर करावी, मग यीस्टने साखरेचे मद्य करावे, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे. म्हणून अर्थशास्त्रातील किण्व हे एका जिवाचे नाव नसून एका संमिश्र वसाहतीचे नाव आहे, असे मानणे अधिक युक्त होईल. त्याच अध्यायात सुरेसाठी व किण्वासाठी लागणारी द्रव्ये निवडण्याचे काम स्त्रिया व मुले यांनी करावे असे सांगितले आहे. ही कला प्रत्यक्षात कोणाच्या हातांत होती याची ही एक दुर्मीळ नोंद आहे.

दर्शनग्रंथांत किण्व येते ते निराळ्याच निमित्ताने. पृथ्वी, जल आदी भूतांच्या संयोगातून चैतन्य उत्पन्न होते, जशी किण्वादी द्रव्यांच्या संयोगातून मदशक्ती, असे चार्वाकांचे मत खंडनासाठी वारंवार मांडले गेले. सुट्या घटकांत जे नाही ते त्यांच्या संधानात प्रकट होते, हा या दृष्टान्ताचा गाभा. खंडन करणाऱ्यांनीही दृष्टान्तातील वस्तुस्थिती नाकारली नाही. तांदळात आणि उडदात झिंग नसते व वडी पडल्यावर येते, हे सर्वांनी मान्य केले.

वैद्यकाकडे वळले की चित्र पालटते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २५व्या अध्यायात आसवांच्या नऊ योनी सांगितल्या असून त्यांचे ८४ प्रकार मोजले आहेत : धान्यांचे ६, फळांचे २६, मुळांचे ११, सारांचे २०, फुलांचे १०, कांडांचे ४, पानांचे २, सालींचे ४ आणि साखरेचा १. धान्याच्या सहा प्रकारांत सुरा, सौवीर, तुषोदक यांसारखी पेये आहेत. म्हणजे किण्वाचे राज्य येथे ८४ पैकी सहा घरांपुरतेच उरले आहे. उरलेल्यांत बहुतेक ठिकाणी गोडी बाहेरून, मधाच्या किंवा गुळाच्या रूपाने घालावयाची असते, आणि जेथे साखर तयार आहे तेथे बुरशीची गरज नाही. फुलांच्या दहा आसवांत कमळांच्या जातींबरोबर मोहाचे फूल आहे आणि धातकीचेही आहे. चरकाच्या यादीत दहांतील एक असलेली ही धातकी पुढील शतकांतील योगांत आसवारिष्टांची जवळजवळ कायमची सोबतीण होऊन बसली.

धातकी म्हणजे मराठीतील धायटी. प्राकृत ‘धायई’ला ‘-टी’ हा प्रत्यय लागून हे रूप झाले. सह्याद्रीच्या उतारांवर हिवाळा सरता सरता जी झुडपे लालभडक नळीदार फुलांनी पेटल्यासारखी दिसतात तीच ही. मेंदीच्या कुळातील ही वनस्पती आहे. तिच्या फुलांत मध भरपूर असतो, पक्षी व कीटक तेथे सतत येतात, आणि मधुरसावर वाढणारी यीस्टे त्यांच्याबरोबर एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जातात. वाळलेले फूल पिंपात पडले की त्याच्यावर निजलेले यीस्ट जागे होते. किण्वाची वडी घरात पाळावी लागते, जुनीतून नवी करावी लागते. धायटीचे बीज मात्र दरवर्षी डोंगरावर आपोआप तयार होते व वाळवून बाजारात विकता येते. वैद्याने वडी सोडून फूल का धरले याचे हेही एक कारण असावे.

आसव आणि अरिष्ट यांतील भेद शार्ङ्गधराने नेमका सांगितला : औषधे न शिजवता पाण्यात घालून सिद्ध केले ते आसव, काढा करून सिद्ध केले ते अरिष्ट. त्याच्याच मध्यमखंडाच्या दहाव्या अध्यायात, जेथे प्रमाण सांगितलेले नसेल तेथील सर्वसाधारण माप दिले आहे : द्रव एक द्रोण, गूळ एक तुला, मध गुळाच्या निम्मा, आणि प्रक्षेपद्रव्ये दशमांश. आयुर्वेदीय योगसंग्रहात रूढ असलेल्या रूपांतराने द्रोण १२.२८८ लिटर व तुला ४.८ किलोग्रॅम धरतात. गूळ व मध मिळून ७.२ किलोग्रॅम झाले. त्यांत साखरेचा अंश सुमारे चारपंचमांश मानला, तर मिश्रणात साखर शेकडा ३४च्या घरात जाते. इतक्या दाट पाकात यीस्टला श्वास टाकणे कठीण; मोरावळा टिकतो तो याच कारणाने. परंतु द्रव पदार्थांचे माप दुप्पट घ्यावे अशी वैद्यकातील दुसरी परिभाषा आहे. ती लावून द्रव २४.५७६ लिटर धरला की साखर शेकडा २०च्या आसपास येते, आणि त्यातून फार तर १२-१३ टक्के मद्य होऊ शकते. प्रत्यक्ष आसवारिष्टांत ते सामान्यतः ५ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असते. द्रवद्वैगुण्याचा नियम टीकाकारांची केवळ शाब्दिक कसरत आहे असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. त्या नियमावाचून पिंप नीट आंबणे कठीण.

बाकीची कृती सर्वपरिचित आहे. तूप मुरवलेले मातीचे भांडे, पिंपळी-मिरी-अगरूचा धूप, तोंडाला कापड व माती लिंपून बंद करणे, मग धान्याच्या राशीत अथवा जमिनीत पंधरा दिवस ते महिनाभर पुरणे. धूप दिल्याने भांड्यातील नको ते जंतू हटत, तुपाने रंध्रे बुजत, आणि राशीच्या उबेत तापमान स्थिर राही. दशमूलारिष्टाच्या शेवटी निवळीचे बी घालून द्रव नितळ करावयास सांगितले आहे. झाले की नाही हे ओळखण्यासाठी वैद्य भांड्याला कान लावीत. आतला आवाज थांबला की काम संपले. पेटती काडी आत नेऊन ती विझते का हेही पाहतात. विझली तर कार्बन डायऑक्साइड अद्याप निघत आहे. टिकाऊपणाविषयी शार्ङ्गधराचे निरीक्षण विशेष लक्षणीय आहे. चूर्ण दोन महिन्यांत, वटी व अवलेह वर्षभरात हीनवीर्य होतात. आसवे मात्र जुनी झाली म्हणजे गुणाने वाढतात, असे तो म्हणतो. रानातल्या मुळीचा गुण पावसाळ्यापलीकडे राखण्याचे दुसरे इतके भरवशाचे साधन त्या काळी नव्हते.

‘अरिष्ट’ या शब्दाने वैद्यकात मोठीच पंचाईत करून ठेवली आहे. ‘रिष्’ म्हणजे इजा होणे. जे इजा पावत नाही, बिघडत नाही ते अरिष्ट, हा औषधाचा अर्थ सरळ लागतो. परंतु चरकाच्याच इंद्रियस्थानात अरिष्ट म्हणजे मरणाचे निश्चित चिन्ह, आणि मराठीत तर अरिष्ट म्हणजे कोसळलेले संकट. अमंगळाला मंगळ नावाने हाक मारण्याची जी सार्वत्रिक रीत, तिचे हे उदाहरण दिसते. वनस्पतींतही हा शब्द विखुरला : कडुनिंब अरिष्ट, आणि ‘अरिष्टक’ म्हणजे रिठा. ‘अरिष्टक’ याच्या आरंभीचा ‘अ’ प्राकृतातून येताना गळाला आणि मराठीने त्यास आपल्या न्हाणीघरात जागा दिली. औषधाचे नाव मात्र तत्समच राहिले. लोकांनी ते कधी आपल्या जिभेवर घासून गुळगुळीत केले नाही, यावरून हा पदार्थ वैद्याच्या कपाटातला होता, घराच्या फडताळातला नव्हता, असे अनुमान करता येते.

युरोपात आतल्या कर्त्याचा शोध लागला त्यास फार काळ लोटलेला नाही. लेवेनहुकने १६८० साली सूक्ष्मदर्शकातून बिअरमधील गोल कण पाहिले, पण ते सजीव आहेत असे त्यास वाटले नाही. १८३७च्या सुमारास फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर व जर्मनीत श्वान यांनी ते जीव असल्याचे स्वतंत्रपणे दाखविले. १८३८ मध्ये मायेनने त्यांना ‘सॅकॅरोमायसीस’ म्हणजे शर्करा-बुरशी हे नाव दिले. लीबिगसारख्या रसायनज्ञांनी त्याची थट्टा केली. १८५७ नंतर पाश्चरने जिवाविना मद्य होत नाही हे प्रयोगांनी स्थापित केले, आणि १८९७ साली बुखनरने यीस्ट चिरडून काढलेल्या निर्जीव रसानेही साखर आंबते असे दाखवून वादाला अनपेक्षित वळण दिले. १९०७चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यास मिळाले. बुखनरच्या प्रयोगापूर्वी दोन दशके क्यूनने ‘एन्झाइम’ हा शब्द घडविला होता. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘खमिरातले’ एवढाच.

या ज्ञानाच्या प्रकाशात आसवाकडे पाहता जो प्रश्न उभा राहतो तो केवळ कुतूहलाचा नाही. यीस्टने औषधात भर घातली, की त्याने केवळ मद्य निर्माण केले आणि त्या मद्याने वनस्पतीतील द्रव्ये विरघळवून घेतली? पहिले खरे असेल तर आंबवणे हा औषधाचा प्राण ठरतो. दुसरे खरे असेल तर काढ्यात मद्यार्क मिसळूनही काम भागावे. तत्त्वतः दोन्ही गोष्टी संभवतात. मद्य जसजसे वाढते तसतशी पाण्यात न विरघळणारी द्रव्ये हळूहळू उतरतात. आणि सूक्ष्मजीवांची एन्झाइमे शर्करेशी जखडलेली काही संयुगे सुटी करू शकतात. परंतु १९९३ साली श्रीलंकेतील निंबारिष्टावर नेदरलंड्स व श्रीलंका येथील अभ्यासकांनी केलेल्या परीक्षणाने एक तिसरेच उत्तर पुढे आणले. धायटीची फुले घातलेल्या अरिष्टाचा, रोगप्रतिकारसंस्थेच्या प्रयोगशाळेतील काही कसोट्यांवर, प्रभाव पुष्कळ वाढलेला दिसला. मात्र ही वाढ सूक्ष्मजीवांच्या कर्तबगारीने झाली नसून खुद्द फुलांतून उतरलेल्या द्रव्यांनी झाली, असा निष्कर्ष त्यांनी काढला. फुलांत टॅनिने विपुल आहेत; त्यांतील काहींना या वनस्पतीच्या शास्त्रीय नावावरून ‘वुडफोर्डिन’ असे नावही मिळाले आहे. म्हणजे ज्याला केवळ आंबवणाचे बीज समजले जाई ते स्वतःच औषध निघाले. एका योगावरील, काचपात्रातील परीक्षणावरून सर्व अरिष्टांविषयी बोलणे उतावीळपणाचे होईल. पण धायटी वगळून पाकिटातील बेकरीचे यीस्ट घालणे हा निव्वळ सोयीचा बदल आहे असे म्हणणाऱ्या निर्मात्यास यापुढे ते सिद्ध करून द्यावे लागेल, एवढे मात्र खरे.

औषध की पेय, हा दुसरा वाद तर शासनसंस्थेइतका जुना आहे. सुरेवर राजाचा एकाधिकार सांगणाऱ्या कौटिल्यानेच, कुटुंबवत्सल गृहस्थांनी घरच्या कार्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करावयास मोकळीक ठेवली होती; अरिष्टांचे प्रमाण काय असावे हे त्याने चिकित्सकांवर सोपविले. मुंबई राज्याच्या १९४९च्या दारूबंदी कायद्याने ही मोकळीक आवळली. त्यास आव्हान देणाऱ्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे १९५१ मध्ये, मद्यांश असलेली औषधे व प्रसाधने यांच्या उपयोगास प्रतिबंध करणारा कायद्याचा भाग अवैध ठरविला. १९५२च्या दुरुस्तीने, मादक पेय म्हणून घेण्यास अयोग्य अशी औषधे स्पष्टपणे बंदीबाहेर काढण्यात आली. ‘स्वयंजनित मद्यांश’ ही आसवारिष्टांच्या बाटल्यांवर आढळणारी संज्ञा याच कायदेशीर विवेकाची संतती आहे. मद्य घातलेले नाही, झालेले आहे, हा भेद संस्कृत शब्दांनी कधी केला नव्हता. तो अबकारी खात्याला करावा लागला.

गेल्या दोन दशकांत यीस्ट व वनस्पती यांच्या संबंधाने आणखी एक रूप घेतले आहे. हिवतापावरील आर्टेमिसिनिन हे द्रव्य एका वनस्पतीतून मिळते. २००६ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी त्या वनस्पतीची जनुके यीस्टमध्ये घालून त्याचे पूर्वद्रव्य असलेले आर्टेमिसिनिक आम्ल यीस्टकडून करवून घेतले, आणि २०१३ पर्यंत ते उत्पादन लिटरमागे २५ ग्रॅमपर्यंत नेले. २०२२ मध्ये सदाफुलीतील विंडोलिन व कॅथॅरँथिन ही दोन द्रव्येही, लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या मापात का होईना, यीस्टमध्ये तयार झाली व ती जोडून कर्करोगावरील व्हिनब्लास्टिन सिद्ध करण्यात आले. या पात्रात ना मूळ पडते ना साल. साखर तेवढी लागते. पिळण्यासारखे काही उरलेच नसल्यामुळे त्यास ‘आसव’ म्हणता येणार नाही. ‘संधान’ मात्र चालेल. येथे सांधली गेली आहेत ती जनुके.